ध्येयाला होय कुणी म्हटलं?

माझी नणंद जानेवारीत व्हिएतनामला जाऊन आली आणि तेव्हापासून आमच्याकडे दर रविवारी तिचे फोटो बघायचा कार्यक्रम असतो. जानेवारीत मीही प्रवास केला, चार दिवसांचा. उल्हासनगर कॅम्प एक, अंबरनाथ आणि बदलापूरच्या पुढे बारवी धरणाकडची एक वाडी. माझे फोटो बघायला कुणी बसत नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही यातल्या कुठल्याच ठिकाणी गेला नसाल, फार तर स्टेशनावरची पाटी वाचली असेल. मी काय मोठी शहाणी आहे म्हणा. बदलापुरातल्या कुळगावात राहते, उल्हासनगरच्या कॉलेजात सव्वीस वर्षं भूगोल शिकवते, ब्राझीलची जंगलं मला तोंडपाठ आहेत, आणि माझ्या वर्गातली मुलं कुठून उठून येतात हे मला माहीत नव्हतं.

आधी निघण्याचं कारण सांगते, कारण मी हौसेने गेले नाही. डोकं फिरलं म्हणून गेले.

प्रत्येक कॉलेजला एक ध्येय असतं आणि ते भिंतीवर टांगलेलं असतं. आमचं ऑफिसबाहेर होतं. मग तिथे पाण्याचा कूलर आला आणि अर्धं ध्येय कूलरच्या मागे गेलं. त्यावर लिहिलं होतं, कष्टकऱ्यांच्या आणि दूरच्या पाड्यांवरच्या मुलांपर्यंत पदवीचं शिक्षण पोचवणे. त्यासाठीच सकाळचं सत्र आहे. साडेसातला वर्ग भरतो, साडेअकराला सुटतो, पोरं बाराला कामावर. दोन वर्षांपूर्वी वरच्या मंडळींनी ध्येय बदललं. आता आम्ही जागतिक दर्जाचं, उद्योगाला उपयोगी शिक्षण देतो. बदललं तर बदललं, मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण मूल्यांकनाच्या फाइलीत पुरावा लागतो, की हे ध्येय विद्यार्थ्यांना, पालकांना, माजी विद्यार्थ्यांना आणि नोकरी देणाऱ्यांना माहीत आहे आणि मान्य आहे. त्यासाठी फॉर्म असतात.

हे फॉर्म कसे भरतात ते आता सांगूनच टाकते. स्टाफरूमचं दार लोटून घ्यायचं. समोसे मागवायचे. निळी, काळी, जाड, बारीक अशी पेनं गोळा करायची आणि गठ्ठे वाटून घ्यायचे. पाच-सहा फॉर्मांनंतर एकदा 'पूर्णपणे मान्य' सोडून नुसत्या 'मान्य'वर खूण करायची, नाहीतर खरं वाटत नाही. काही सह्या डाव्या हाताने करायच्या. दोन वर्षांपूर्वी पालकांचा गठ्ठा माझ्याकडे होता. प्रवेशअर्जांवरून आयांची नावं काढून मी एकेक सही इतकी वेगळी केली की प्राचार्यांनी कौतुक केलं. मी आणखी एक समोसा घेतला.

डिसेंबरात नोटीस लागली. नव्या ध्येयाला अनुसरून जूनपासून सकाळचं कला सत्र बंद, मुलांनी दुपारच्या सत्रात यावं. आणि खाली आधार दिला होता, की मागच्या पाहणीत सर्व पालकांनी हे ध्येय मान्य केलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सुगंधा माझ्या टेबलाशी आली. बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या बाकावर बसते, कमी बोलते. तिने ऑफिसात चौकशी केली तेव्हा क्लार्कने तिच्या मोठ्या बहिणीच्या वेळचा फॉर्म काढून दाखवला होता. ती म्हणाली, "मॅडम, आईने मान्य केलंय असं त्यात आहे. सहीपण आहे. पण माझी आई कॉलेजला आलीच नाही कधी."

ती भांडत नव्हती, विचारत होती, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. दुपारचं सत्र जमणार नाही, गाडी नसते, जूनपासून मी येत नाही, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, असेल गं एखादी गाडी. ती दप्तर उचलून वर्गात गेली.

यंदाच्या पाहणीचे फॉर्म आले आणि पालकांचा गठ्ठा पुन्हा माझ्या पुढ्यात पडला. मी प्राचार्यांना सांगितलं, या वेळी लोकांकडे जाऊन भरून आणते. ते म्हणाले, मॅडम, कशाला हात दाखवून अवलक्षण? माणूस वाईट नाही, फक्त निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मी चार दिवसांची रजा टाकली आणि पालकांचे, माजी विद्यार्थ्यांचे, नोकरी देणाऱ्यांचे असे सगळे फॉर्म पिशवीत घातले.

कॅम्प एक

उल्हासनगरात पत्ता शोधणं म्हणजे काय असतं ते गावाबाहेरच्याला कळायचं नाही. हा सगळा जुन्या लष्करी छावणीचा मुलूख. रस्त्याचं नाव कुणी सांगत नाही, कॅम्प सांगतात, सेक्शन सांगतात आणि बॅरेकीचा नंबर सांगतात. आणि एका नंबराशेजारी पुढचा नंबर असेल असं समजू नका. पाऊण तास मी एका बॅरेकीभोवती फिरले. तीन वेळा त्याच पकवानवाल्यासमोरून गेले, चौथ्या वेळी त्याने मला बसवलं आणि दाल-पकवान पुढे केलं. पकवान कडक, डाळ गरम, वर चिंचेची चटणी आणि कांदा. खाऊन झाल्यावर त्याने पत्ता सांगितला. आधीच विचारायला हवं होतं.

लछमनशेठचं तयार कपड्यांचं दुकान आहे. आमच्या सकाळच्या सत्राची चार मुलं त्यांच्याकडे बाराला कामावर येतात. मी बसल्याबरोबर पापड आणि पाणी आलं. सिंधी घरात आणि दुकानात ही रीतच आहे, पाहुण्याला आधी भाजलेला पापड, मग पाणी, मग विषय. आमच्याकडे 'चहा घेणार का' असं विचारतात, आणि ते अशा सुरात की समोरचा नाहीच म्हणतो.

मी त्यांना ध्येय वाचून दाखवलं. शेठनी पापडाचा तुकडा मोडला. म्हणाले, "मॅडम, हे जागतिक-बिगतिक मला नाही समजत. माझी चार पोरं तुमच्याकडून येतात. टाइम पे येतात, गिऱ्हाइकाशी तमीजने बोलतात, दुपारी खाली बसलं की पुस्तक काढतात. यही ना कॉलेज का काम?"

सत्र बंद होणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. ऐकून ते चिडले. मग त्यांनी आजोबांचं सांगितलं. फाळणीनंतर सगळे इथे आले तेव्हा याच बाजूच्या एका बॅरेकीत पहाटे शाळा भरायची, कारण दिवसा पोरं पापड-गोळ्या विकायला जायची. आजोबा तिथे शिकले. पोटाला लागतं ते आधी, म्हणून शाळा त्याच्याही आधी, असं ते म्हणायचे म्हणे. मी सव्वीस वर्षं त्या गावात पगार घेतला आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

शेठनी 'मान्य नाही'वर खूण केली, पूर्ण नाव लिहिलं आणि दुकानाचा शिक्काही मारला. खालच्या 'सूचना' या ओळीवर बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी देवनागरीत लिहिलं, सुबह का कॉलेज बंद मत करो.

अंबरनाथ

अंबरनाथच्या कारखान्यांकडे वळलं की आधी वास येतो, मग फाटकं दिसतात. फाटकावरच्या वॉचमनला मी विमा विकणारी बाई वाटले. कॉलेजातून आलेय म्हटल्यावर त्याने देणगीची पावती का, असं विचारलं. मग मात्र मी आवाज चढवला आणि त्याने आत फोन केला.

प्रकाश (नाव आणि हुद्दा मी बदललाय, कारण पुढे येईल) माझ्या पहिल्या काही तुकड्यांपैकी एकीतला विद्यार्थी. सकाळी आमच्याकडे यायचा आणि दुपारी याच कंपनीत हेल्पर म्हणून उभा राहायचा. आता तिथेच खरेदी अधिकारी आहे. मला बघून पाया पडला, कॅन्टीनमध्ये उपमा खायला घातला, आणि नवं ध्येय छान आहे म्हणाला. काळाप्रमाणे बदलायला हवं, कंपनीलाही तशीच मुलं लागतात, सकाळच्या सत्राला आता अर्थ राहिला नाही.

मी म्हटलं, नवं ध्येय काय आहे ते सांग. त्याने मोबाइल काढला. मी म्हटलं, मोबाइल ठेव खाली. त्याला दोन शब्द आठवले. मग मी जुनं विचारलं, आणि त्याने ते एका दमात म्हणून दाखवलं. कष्टकऱ्यांच्या आणि दूरच्या पाड्यांवरच्या, इथपासून शेवटपर्यंत. मीच चकित झाले. त्यामागची गंमत त्याने सांगितली. कूलर यायच्या आधी शिपाईमामा उशिरा येणाऱ्या मुलांना त्या पाटीसमोर उभं करायचे. पाटी मोठ्याने वाचायची, मग आत जायचं. प्रकाश रोज उशिरा यायचा, कारण पहिल्या पाळीला जाणाऱ्या वडिलांचा डबा तोच करायचा.

मी फॉर्म पुढे केला. त्याने नवं ध्येय माहीत आहे का, यावर 'नाही'ची खूण केली आणि मान्य आहे का, यावर पेन उचललं. मग इकडेतिकडे बघितलं. म्हणाला, "मॅडम, नाव नको ना. आमचे डायरेक्टर आणि तुमचे अध्यक्ष एकाच क्लबात असतात."

मला राग आला. मी त्याला म्हटलं, ज्या शिडीने वर चढलास ती काढताना धरून ठेव म्हणत नाही रे, निदान काढताहेत एवढं तरी बोल. त्याने पेन खाली ठेवलं. उपमा तसाच टाकून मी उठले. आता वाटतं, खायला हवा होता, उपम्याचा काय दोष. अर्धा भरलेला आणि बिननावाचा तो फॉर्म मी गठ्ठ्यात तसाच ठेवला.

वाडी

तिसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी सुगंधाबरोबर निघाले. बदलापूरहून दीडची एसटी मिळाली. शहर शिरगावपाशी संपतं असं मला वाटायचं, ते आता पुढेच सरकत चाललंय. टॉवर, टॉवरची जाहिरात, पुन्हा टॉवर. मग एकदम सुकलेलं पिवळं गवत, कापणी झालेली भातखाचरं, माचांवर रचलेला पेंढा, आणि डावीकडे धरणाचं पाणी. गाडीत माझ्याशिवाय सगळे एकमेकांना ओळखत होते. उतरल्यावर अर्धा तास चढ. सुगंधा दप्तर घेऊन पुढे चालली होती आणि मी नवी चप्पल घातल्याबद्दल स्वतःला शिव्या देत मागे.

वाडीत तीस-चाळीस घरं. सुगंधाची आई जनीबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. भाताचं थोडं रान आहे, बाकी वेळ रानभाज्या आणि शेंगा बदलापूरच्या बाजारात विकते. नवरा वीटभट्टीवर गेलेला. तिने मला कोरा चहा दिला आणि मी चार वाजता, चांगल्या घरच्या बाईसारखं, विचारलं की परतीची गाडी कितीची.

शेजारच्या बायकासुद्धा हसल्या. आम्ही आलो तीच शेवटची गाडी. पुढची उद्या सकाळी सहाला. सुगंधा हसली नाही. "मॅडम, मी म्हटलं होतं ना, गाडी नसते," एवढंच म्हणाली.

बारा ते पाचचं दुपारचं सत्र करून या मुलीने घरी कसं यायचं, हे भूगोलाच्या बाईला असं कळलं. नोटीस काढणाऱ्यांना दोष देणार होते, पण मीच कुळगावात बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. घरी फोन लावला तर नवरा म्हणाला, नकाशा नव्हता का जवळ?

जेवायला तांदळाची भाकरी, वालाची आमटी आणि सुकट. त्या दिवशी गुरुवार होता. आमच्याकडे गुरुवारी घरात मासळीचा वासही चालत नाही. मी तीन भाकऱ्यांबरोबर सुकट खाल्ली. इथे पाहुण्याला आधी वाढतात आणि घरचे समोर बसून बघतात. आम्ही टीव्हीकडे बघत जेवतो, त्यामुळे मी ताटातून डोकं वर न काढता जेवले.

हात धुतल्यावर मी फॉर्म काढला आणि नवं ध्येय सोप्या शब्दांत समजावलं. मग जुना फॉर्मही दाखवला, मुद्दाम झेरॉक्स करून आणलेला. जनीबाई विचारायला लागली, हे मी कवा म्हटलं? सुगंधा माझ्याकडे बघत होती. तेव्हा मी सांगितलं, की ही सही मी केली. दोन वर्षांपूर्वी, खोलीत बसून, तुम्हाला न विचारता.

तिने कागद दिव्याखाली धरला आणि बराच वेळ पाहिला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माजी सही मला येते," ती म्हणाली. "सुगंधानं शिकवली. तुमी इचारायला पायजे व्हतं."

सव्वीस वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नाही. मी माफी मागितली. तिने मान हलवली, माफ केलं की नाही ते कळलं नाही. मग नव्या फॉर्मवर 'मान्य नाही'पुढे खूण करून तिने सावकाश, काना-मात्रा तपासत सही केली आणि विचारलं, ज्या लोकांनी हे ठरवलं ते बसतात कुठे. मी सांगितलं, महिनाअखेरीला सभा आहे आणि नियमाने त्यात एका पालकाची खुर्ची असते. ती खुर्ची वर्षानुवर्षं कॉलेजचं रंगकाम करणाऱ्या एका ठेकेदाराकडे आहे, ज्याचा मुलगा कधीचाच पदवी घेऊन गेला, हेही सांगितलं.

"मग मी येतंय," जनीबाई म्हणाली आणि शेंगांची टोपली आत घेऊन गेली.

सकाळी सव्वापाचला वाडीतली पाच मुलं बॅटरी घेऊन उतरायला लागली. रोज एक म्हातारेबुवा काठी घेऊन त्यांच्यापुढे चालतात, साप-विंचवासाठी. त्यांना हे काम कुणी सांगितलेलं नाही. मी त्यांनाही फॉर्म दिला असता, पण ते कुठल्या रकान्यात बसतात ते फॉर्मवर नव्हतं.

कुळगाव

चौथा दिवस माझ्याच सोसायटीत गेला. चार घरची मुलं आमच्या कॉलेजात दुपारच्या सत्राला आहेत. चारही घरांनी दारातच विचारलं, किती वेळ लागेल. चारही घरांनी न वाचता 'पूर्णपणे मान्य' केलं. एकजण म्हणाले, सकाळची ती पोरं गेली की कॉलेजचं नाव जरा सुधारेल. त्यांचा फॉर्मही मी गठ्ठ्यात ठेवला, एका अक्षरालाही हात लावला नाही. पाणी कुठे मिळालं नाही.

सभा

सभेला जनीबाई सकाळच्याच गाडीने आली, सुगंधाबरोबर. पाहणीचे फॉर्म मांडायला मलाही बोलावलं होतं. ठेकेदार आलाच नव्हता, त्याची खुर्ची रिकामी होती. मी तिला तिथे बसवलं. अध्यक्ष सभ्य गृहस्थ आहेत, मोठ्या आवाजात बोलत नाहीत. त्यांनी माझा गठ्ठा चाळला आणि म्हणाले, मॅडम, तुमची मेहनत दिसते, पण मागच्या पाहणीत तर सर्व पालकांनी हे मान्य केलं होतं.

मी उभी राहिले. सांगितलं, की ते पालक म्हणजे मी. त्या सगळ्या सह्या मी केल्या, काही उजव्या हाताने, काही डाव्या. हवं तर आत्ता करून दाखवते. प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

अध्यक्षांनी मग विषय बदलावा तसा जनीबाईकडे मोर्चा वळवला. गोड आवाजात विचारलं, मावशी, कॉलेजचं नवं ध्येय तुम्हाला नीट समजलं का? त्यात तुम्हाला काय मान्य नाही?

जनीबाई उठली नाही, बसूनच बोलली. "मला समद्यांनी इचारलं, मान्य हाय का. तुमाला कुनी इचारलं नाय. आमच्या पोरी तुमाला मान्य हायेत का, तेवडं सांगा."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, प्राचार्यांकडे पाहिलं, मग चहा आला. चहानंतर विषय पुढच्या सभेवर ढकलला. जनीबाईला दीडची गाडी गाठायची होती, ती चहा न घेताच निघाली.

आता शेवटचं. परवा मला संस्थेचं पत्र आलं. रजेच्या चार दिवसांत आपण कुठे होता, कोणाच्या परवानगीने लोकांना भेटलात, आणि संस्थेच्या ध्येयाविषयी गैरसमज का पसरवलात, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत द्यावा.

तो खुलासा हाच. वर लिहिलंय ते सगळं खरं आहे. मी चूक केली होती, पण ती या जानेवारीत नाही, दोन वर्षांपूर्वी समोसे खाताना केली. त्यासाठी जी शिक्षा असेल ती द्या, मी नाही म्हणणार नाही. या चार दिवसांबद्दल मात्र मी माफी मागणार नाही, एका शब्दानेही नाही. भरलेले सगळे फॉर्म सोबत जोडले आहेत, माझ्या सोसायटीचेही. एक कोरा आहे, तो अध्यक्षसाहेबांसाठी. जनीबाईने विचारलेला प्रश्न त्यावर मी हाताने लिहिला आहे. तो इथे ऑफिसात भरू नये, वाडीवर येऊन भरावा. बदलापूरहून दीडला एसटी सुटते, डावीकडची जागा धरली तर धरण छान दिसतं. चप्पल जुनी घाला. आणि त्यानंतर परतीची गाडी नाही, तेव्हा मुक्कामाच्या तयारीने या.